नॅनो, नव्वद विटा आणि जळगाव

आमची सोसायटी निगडी प्राधिकरणाच्या कडेला आहे आणि तिच्यात सगळी मिळून एक अख्खी मोटार राहते. ए विंगेत पहिल्या मजल्यावर गिअरबॉक्स, त्याच्या डोक्यावर पेंटशॉप, बी विंगेत ब्रेक, सी विंगेत वायरिंग, आणि जिन्याशेजारच्या फ्लॅटमध्ये क्वालिटी. क्वालिटीचं कोणाशीच पटत नाही. प्रत्येकाने तीस-पस्तीस वर्षं मोटारीचा एकच अवयव घडवला, त्यामुळे त्या अवयवाबद्दल अधिकारवाणी आणि बाकीच्या मोटारीबद्दल तुच्छता. "इंजिन काय हो, कोणीही करतं. दार लावल्यावर जो आवाज येतो ना, तिथं गाडी कळते," असं दारवाले म्हणतात. पूर्ण मोटार येणारा एकही माणूस आमच्यात नाही. ड्रायव्हिंग येणारेही थोडेच, कारण सगळ्यांचा जन्म कंपनीच्या बसमध्ये गेला.

अशा ठिकाणी जळगावकरांनी आपली नॅनो इलेक्ट्रिक करायची म्हणून जाहीर केलं. त्यांचं आडनाव दुसरंच आहे, पण आमच्याकडे माणसाला कंपनी आणि गाव या दोनच गोष्टींनी ओळखतात.

नॅनो 2010 ची. पंधरा वर्षं भरली, नोंदणीची मुदत संपली. आता पुन्हा नोंदणी करून हरित कर भरा, नाहीतर भंगारात घाला. भंगाराचा मार्गही पूर्वीइतका सोपा राहिला नाही, कारण 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने चिखली-कुदळवाडीतल्या भंगाराच्या गोदामांवर बुलडोझर फिरवला. आणि गाडीवर जळगावकरांचा जीव. लाखाची गाडी म्हणून जगभर गाजलेली ही गाडी डिझाइन झाली ती आमच्या पिंपरीत, गिरीश वाघ यांच्या हाताखालच्या टीमकडून. कारखान्याने मग सिंगूर-साणंद अशी वणवण केली ती गोष्ट वेगळी. माहेर पिंपरीच.

"इंजिन काढायचं, मोटर बसवायची, बॅटरी भरायची. आहे काय त्यात भो?" जळगावकर म्हणाले.

बैठक गुरुवारी ठरली. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, म्हणून आमच्याकडे निवृत्त माणसंसुद्धा फक्त गुरुवारी मोकळी असतात. महावितरणही दुरुस्तीची कामं याच दिवशी काढतं. त्या दिवशी वीज गेली होती, लिफ्ट बंद होती, पंखे बंद होते, तेव्हा विजेच्या गाडीची पहिली सभा खाली पार्किंगमध्ये, वारा येईल अशा जागी भरली.

टेल्कोकाकांनी सुरुवातीलाच अट घातली. टेल्कोची टाटा मोटर्स 2003 मध्ये झाली, पण काकांपर्यंत ते पत्र पोहोचलेलं नाही. त्यांची नोकरी गिअरबॉक्समध्ये गेली. विजेची मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण जोर देते, तिला गिअर बदलत बसायची गरज नसते, एकावर भागतं, हे त्यांना हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आमच्यातल्या एका पोराने समजावलं. काका म्हणाले, "मग बाकीचे तीन काय शोभेला आहेत?" असल्या कामात जुना गिअरबॉक्स बऱ्याचदा तसाच ठेवतात आणि मोटर त्याला जोडतात, हे कळल्यावर ते निवळले. चारही गिअर राहतील. टाकायचा एकच. बाकीचे तीन काकांच्या समाधानासाठी.

दादा बजाजचे. आकुर्डीला चेतकवर उमेद घालवली. चेतकचं इलेक्ट्रिक रूप 2020 च्या जानेवारीत विक्रीला आलं, आधी चाकणला बनलं आणि 2022 मध्ये आकुर्डीला त्याचा वेगळा कारखानाच उभा राहिला. दादांना त्याचा अभिमान आहे, पण एक सल आहे. ही चेतक तिरकी न करता सुरू होते. त्यांच्या मते ज्या वाहनाला सकाळी एकदा झुकवावं लागत नाही ते वाहन मालकाला ओळखत नाही. नॅनोच्या बाबतीत त्यांनी काही तांत्रिक सूचना केली नाही, फक्त टायरला पाय लावून पाहिला.

मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक जाडजूड पट्टी लागते, दोन्हीकडची भोकं जुळवणारी. भोसरीच्या जे ब्लॉकमध्ये ज्यांचं शॉप आहे ते शेठ म्हणाले, "ड्रॉइंग द्या, व्हीएमसी मशीनवर टाकतो. पण एक पीस परवडत नाही. सेटिंगचाच खर्च निघत नाही. पाचशे करू."

"शेठ, गाडी एक आहे."

"तुमची एक आहे. चारशे नव्व्याण्णव शोधा."

क्वालिटीवाल्यांनी वहीच्या मागच्या पानावर माशाचा सांगाडा काढून प्रत्येक काट्यावर एकेक संभाव्य बिघाड लिहायला घेतला. मासा लांबत गेला. गाडी बनण्याआधीच तिच्या बिघाडांची यादी तयार असणं ही आमच्या पट्ट्यातली खरी औद्योगिक प्रगती आहे, असं माझं मत आहे. मी स्वतः अकाउंट्सचा, मला कोणी विचारत नाही.

असली स्वप्नं आमच्याकडे पहिल्यांदा पडताहेत असंही नाही. 2010 मध्ये हिंजवडीच्या केपीआयटीने भारत फोर्जला बरोबर घेऊन 'रेव्होलो' नावाचं कीट दाखवलं होतं. चालू पेट्रोल गाडीला मोटर आणि बॅटरीची जोड द्यायची, मायलेज चाळीस टक्क्यांनी वाढायचं. तेव्हा आमच्या पार्किंगमधल्या निम्म्या गाड्या मनातल्या मनात हायब्रीड झाल्या होत्या. ते कीट घरगुती मोटारींपर्यंत आलं नाही. पुढे केपीआयटीने बस इलेक्ट्रिक करून दाखवली आणि 2015 च्या डिसेंबरात ती पंतप्रधानांच्या हस्ते संसदेला मिळाली. खासदारांची सोय झाली, आमची राहिली. त्याच 2010 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात टाटांनी नॅनोचं इलेक्ट्रिक रूप मांडून रेंज 160 किलोमीटर सांगितली होती. आणि 2022 मध्ये खुद्द रतन टाटांना इलेक्ट्रा ईव्ही या कंपनीने 72 व्होल्टची इलेक्ट्रिक नॅनो करून दिली. जळगावकर हे उदाहरण रोज देतात. "टाटासाहेब बसले ना तिच्यात?" यावर कोणी काय बोलणार?

इथपर्यंत सगळं खेळीमेळीत चाललं होतं. मग पुढच्या गुरुवारी हिंजवडीतल्या पोराने लॅपटॉप उघडून विचारलं, "काका, रेंज किती पकडू?"

या प्रश्नाचं शहाणं उत्तर साठ किलोमीटर आहे. निगडीहून चाकणला जाऊन परत यायला तेवढं पुरतं, आणि आमच्यातला कोणीही रोज त्यापेक्षा लांब जात नाही. चाकणच्या कोंडीची भीतीही वीजगाडीला कमीच, कारण उभी असताना मोटर काही खात नाही. फक्त एसी तेवढा खातो. तास-दीड तास चौकात अडकलात तर दहा-पंधरा किलोमीटर हवेत गेले समजा. कंपन्या जाहिरातीत जी रेंज छापतात ती चाचणी सरासरी ताशी 32 किलोमीटरच्या आसपास वेगाने होते, असं पोराने सांगितलं. "बत्तीस? चाकणच्या तळेगाव चौकात?" दादांनी इतकंच विचारलं. त्या चाचणीचं नावही एमआयडीसीच आहे, यावर तर त्यांचा अजून विश्वास नाही.

पण साठ कोणीच म्हणालं नाही. जळगावकर म्हणाले, "चारशे."

आणि इथे मला आमच्या अख्ख्या पट्ट्याचा उलगडा झाला. पिंपरी-चिंचवडला मुळात इथलाच असलेला माणूस शोधायला चिंचवडगाव, भोसरी, चिखलीच्या जुन्या आळ्यांत जावं लागतं. बाकी सगळे एसटीने आलेले. कोणी साताऱ्याहून, कोणी बीडहून, कोणी लातूरहून. कंपनीत चिकटले, खोली घेतली, मग फ्लॅट घेतला, आणि तरी गाडी घेताना डोळ्यासमोर रस्ता गावाचाच. वर्षातले जेमतेम चार-पाच दिवस गाडी गावाला जाते. पण गाडीची किंमत, डिकी, सस्पेन्शन आणि आता बॅटरी, सगळं त्या चार-पाच दिवसांच्या मापाने शिवायचं. त्यामुळे रेंज विचारली की माणूस आपला जिल्हा सांगतो. टेल्कोकाका सातारचे, ते सव्वाशेवर खूश. दादा बीडकडचे, अडीचशे म्हणाले. आणि परतीचं वजन? गावाहून रिकामी आलेली मोटार आमच्या गेटमध्ये आजवर शिरलेली नाही. गव्हाचं पोतं, ज्वारीचं पोतं, डाळ, पापड, आणि जळगावकरांच्या बाबतीत केळीचा घड व भरताची वांगी. ही वांगी एक्सेलमध्ये वेगळ्या रकान्यात घेण्यात आली.

पोराचा हिशोब सरळ होता. नॅनोसारखी हलकी गाडी बेताने चालवली तर किलोमीटरला साधारण शंभर वॅट-तास, म्हणजे दहा किलोमीटरला एक युनिट. वीजबिलावरचंच युनिट. चारशे किलोमीटरला चाळीस युनिट. बाजारात लोह-फॉस्फेटचे चौकोनी सेल मिळतात, 280 अँपिअर-तासाचे. एका सेलमध्ये 0.9 युनिट मावतं आणि वजन साडेपाच किलोच्या आतबाहेर. असे पंचेचाळीस.

"पंचेचाळीस म्हणजे केवढे?" जळगावकरांनी विचारलं.

पोराने पडद्यावर फिरणारं चित्र दाखवलं. कोणाचं समाधान झालं नाही. ज्यांनी आयुष्यभर जॉब हातात घेऊन पाहिला त्यांना चित्र फिरवून काय दाखवता? मग शेठनी इकडेतिकडे पाहिलं. गच्चीच्या कामातून उरलेल्या विटा भिंतीलगत रचून ठेवल्या होत्या. त्यांनी दोन विटा शेजारी शेजारी ठेवल्या, टेप लावला आणि म्हणाले, "हा घ्या सेल. आवरणासकट." वजनही जुळत होतं, वीट तीन किलोची. पंचेचाळीस सेल म्हणजे नव्वद विटा.

नॅनोत विटा भरणं हे काम दिसतं तितकं सोपं नाही. 2010 च्या नॅनोला मागून दार नाही, डिकीत पोहोचायचं तर मागची सीट पाडून आतूनच. म्हणून आम्ही रांग केली. दादा भिंतीशी, मग मी, मग वॉचमन, मग काका, आणि गाडीत ओणवे झालेले शेठ. वीट हातोहात जाऊ लागली. काकांनी मागे जाणारी प्रत्येक वीट मोठ्याने मोजली, शॉपफ्लोअरवर मोजतात तशी. क्वालिटीवाले मागच्या चाकाशी उकिडवे बसून चाक आणि पत्र्यामधलं अंतर बोटांनी मोजत होते. सुरुवातीला चार बोटं. तीस विटांना तीन. साठ विटांना दोन, आणि गाडीतून कुठूनसा कण्हल्यासारखा आवाज आला. काका म्हणाले, "इंजिन, टाकी, सायलेन्सर काढल्यावर शंभर किलो तरी सुटतील. भरा." डिकी भरली, मागची सीट भरली, सीटपुढची पाय ठेवायची जागा भरली. शेवटच्या विटा ड्रायव्हरशेजारच्या सीटवर रचल्या. नव्वद. विठोबा एका विटेवर उभा आहे, आमची नॅनो नव्वद विटा पोटात घेऊन बसली होती. तिच्या मागच्या चाकांना किंचित फेंगडेपणा आला होता.

गाडीचं स्वतःचं वजन सहाशे किलो. वर पावणेतीनशे किलो विटा. म्हणजे चार दांडगी माणसं आधीच बसली.

जळगावकर मोठ्या रुबाबात स्टिअरिंगवर जाऊन बसले. तेवढीच सीट मोकळी होती. वरून गॅलरीतून वहिनी पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, छान आहे. तुम्ही विटा घेऊन पुढे व्हा, मी एसटीने येते."

त्यानंतर थोडा वेळ कायद्याची चर्चा झाली, कारण हिरमुसलेली माणसं कायद्याकडे वळतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. पेट्रोलची गाडी पूर्ण विजेवर न्यायची तर एआयएस-123 या मानकाचा तिसरा भाग लागू होतो. कीट कोणत्या मॉडेलसाठी आहे ते नमूद करून एआरएआयसारख्या संस्थेकडून मंजूर करून घ्यायचं, मान्यता असलेल्यानेच ते बसवायचं, मग आरटीओत आरसीवर इंधनाचा रकाना बदलायचा आणि हिरवी नंबरप्लेट लावायची. पुण्याच्या नॉर्थवे मोटरस्पोर्टने डिझायरसाठी अशी कीट काढली, एकाची रेंज 120 आणि दुसऱ्याची 250 किलोमीटर सांगितली. थोडक्यात, चाचण्यांचा खर्च एका गाडीवर टाकला तर ती गाडी सोन्याची होते, आणि पाचशे गाड्यांवर टाकला तर जमतं. शेठ विटांवर बसून चहा पीत होते. "मी पहिल्याच गुरुवारी म्हणालो होतो," एवढंच म्हणाले.

पैशांचं मी मांडलं, कारण तेवढंच मला येतं. टियागो ईव्ही 2022 मध्ये आली तेव्हा सुरुवातीची किंमत 8 लाख 49 हजार होती. चाळीस युनिटची बॅटरी, मोटर, कंट्रोलर, चार्जर, नवीन स्प्रिंगा, ब्रेक असं सगळं धरून नॅनो त्या आकड्याच्या दिशेने निघाली होती. कोणी ऐकून घेतलं नाही. हौसेच्या बैठकीत अकाउंट्सचा माणूस असतो तो चहाचे पैसे गोळा करायला.

सेक्रेटरी मात्र चार्जिंगचं ऐकून खाली आले. पार्किंगमधल्या 15 अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला तीनेक युनिट मिळतात, म्हणजे चाळीस युनिट भरायला तेरा-चौदा तास. आणि मीटर कॉमन. सेक्रेटरींनी प्रशासकीय मार्ग काढला. 2019 पासून आपल्याला पाणी दिवसाआड येतं आणि कोणी मेलेलं नाही, तेव्हा चार्जिंगही दिवसाआड द्यावं. ए विंग सम तारखेला. गुरुवारी कोणालाच नाही.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा जळगावकरांची पुतणी आली. ती चाकणला बॅटरी पॅकच्या लाइनवर आहे. आमच्या भागात गुरुवार पाळतात, तिच्या कंपनीत पाळत नाहीत. पहिली पाळी करून बसने उतरली होती. हातात घड्याळ नाही, बांगडी नाही, कानात काही नाही. त्या लाइनवर अंगावर धातू चालत नाही, कुठे दोन टोकं जोडली गेली तर माणूस आणि पॅक दोन्ही रिजेक्शनमध्ये. पंचवीस वर्षांची असेल. अख्ख्या सोसायटीत बॅटरी हा अवयव फक्त तिच्याकडे, आणि तिला कोणी बोलावलं नव्हतं.

तिने गाडीभोवती एक चक्कर मारली, विटांकडे पाहिलं.

"काका, हे काय?"

"चारशे किलोमीटर," जळगावकर म्हणाले. "एका दमात जळगाव."

"हिची पेट्रोलची टाकी केवढी आहे?"

"पंधरा लिटर."

"आणि देते किती?"

"वीस. कधी बावीस." अभिमानाने.

"म्हणजे तीनशे, सव्वातीनशे. मग पंधरा वर्षं एका दमात कशी जात होती?"

पार्किंगमध्ये एकदम शांतता झाली. पंधरा वर्षं ही गाडी रांजणगावला गणपतीसाठी थांबली, अहिल्यानगरला पंपावर थांबली, संभाजीनगरला जेवायला थांबली, आणि सिल्लोडच्या पुढे जळगावकरांच्या मेहुण्यांकडे चहाला थांबल्याशिवाय तर ती कधी पुढे गेलीच नाही. पेट्रोलला हे सगळं माफ होतं. विजेने मात्र निगडीहून निघायचं ते थेट जळगावच्या दारात.

पुतणीने मागच्या सीटवरच्या विटा उतरवायला सुरुवात केली. "चोवीस सेल घ्या. सत्याहत्तर व्होल्ट होतात, टाटांच्या गाडीच्या जवळपास. एकवीस-बावीस युनिट, दोनशे किलोमीटर. वजन मागच्या बाजूला इंजिनाच्या जागेत आणि सीटखाली बसवता येईल, पण त्यासाठी आधी इंजिन काढून जागा नीट मोजा. आणि नगरला जेवताना, मग मेहुण्यांकडे चहाला थांबल्यावर चार्जिंगला लावा." बोलता बोलता तिने अठ्ठेचाळीस विटा आत ठेवून बाकीच्या बाहेर काढल्या. चाकाशी तीन बोटं आली. क्वालिटीवाल्यांनी वहीत पहिल्यांदाच बरोबरची खूण केली.

"म्हणजे जेवण नगरमध्ये करायचं?" जळगावकरांचा चेहरा पडला. "संभाजीनगरची शेवभाजी?"

समितीत सरळ जिल्हावार फूट पडली. दोनशे म्हटल्यावर टेल्कोकाकांचा सातारा आरामात बसत होता, ते पुतणीच्या बाजूने गेले आणि "चारही गिअर राहणार ना" एवढं विचारून घेतलं. दादांचं बीड पन्नासेक किलोमीटरने हुकत होतं, ते म्हणाले, उतारावर बंद करून सोडली तर पोहोचेल. लातूरवाले इतका वेळ बोलले नव्हते, त्यांनी सभात्याग केला. हिंजवडीतलं पोर म्हणालं की जेवणाचं ठिकाण हा बदल आता एक्सेलमध्ये करायचा तर सगळी शीट नव्याने लिहावी लागेल. पुतणी वर जाऊन झोपली, तिला सकाळी पुन्हा पहिली पाळी होती.

जळगावकरांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध आणताना भेटले. म्हणाले, बॅटरीत चूक काहीच नाही, गाडी लहान पडते. मोशीला एक जण ओम्नी विकतोय, आठ सीटर, मागून अख्खं दार उघडतं. शेठना घेऊन बघून आलेत. शेठनी आत डोकं घालून टेप लावला आणि तिथूनच साइटवर फोन करून दोनशे विटांची ट्रॉली गुरुवारसाठी सांगितली.